बायकोच्या कागदावर

माझी श्रद्धा किती खरी आणि किती सवयीची, हा प्रश्न मला पस्तिशीपर्यंत पडला नव्हता. आंघोळ झाली की देवापुढे उभं राहायचं, वडिलांनी शिकवलेली दोन स्तोत्रं भराभर म्हणायची, शेवटी आपल्या मागण्यांची यादी वाचून दाखवायची आणि बूट घालून कामाला निघायचं, एवढाच माझा परमार्थ होता. मागण्या बहुतेक वेळा पुऱ्या व्हायच्या, त्यामुळे देव आपल्यावर खूश आहे असं मी धरून चाललो होतो. दोन हजार आठ सालच्या नोव्हेंबरात हे सगळं कोसळलं, आणि ते माझ्याच भाविकपणामुळे कोसळलं असं मला तेव्हा वाटत होतं. त्या दिवसांविषयी लिहायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली. लिहायचं तर स्वतःबद्दल काही फारशा बऱ्या नसलेल्या गोष्टी सांगाव्या लागणार होत्या.

आम्ही तेव्हा जर्मनीत कायझर्सलाउटर्नला राहत होतो. मी, माझी बायको सुचेता आणि पाच वर्षांची ईरा. मी मेकॅनिकल इंजिनिअर, मोटारींच्या आसनांचे सांगाडे करणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायचो. चिंचवडहून थेट याच नोकरीवर आलो होतो. पासपोर्टात चिकटवलेल्या माझ्या परवान्यावर कंपनीचं नाव होतं, आणि ही नोकरी संपली की परवानाही संपेल, असं खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं. सुचेता आणि ईरा यांचे परवाने माझ्या परवान्यावर अवलंबून होते. पाच वर्षं पुरी झाली की कायमचा परवाना मागता यायचा. त्याचं जर्मन नाव जिभेची परीक्षा पाहणारं आहे, म्हणून आम्ही मराठी मंडळी त्याला सरळ ग्रीन कार्ड म्हणायचो. तो मिळाला की कंपनीशी बांधलेला दोर सुटणार होता. सप्टेंबरात माझी पाच वर्षं भरली. कागद तयार होते, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज देण्यासाठी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली होती. फक्त ती वेळ पितृपक्षात येत होती.

आईशी फोनवर बोलताना मी ते सहज सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पंधरवड्यात कशाला कायमचं काही करतोस? घटस्थापनेनंतर कर की." एवढंच बोलली आणि पुढे ईराच्या खोकल्याबद्दल विचारू लागली. तिने हट्ट धरला नव्हता, शपथ घातली नव्हती. सुचेताला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली की पितर बिचारे आपल्या वाईटावर कशाला उठतील, तू जाऊन ये. पण मला ती कल्पना आवडली होती, हे खरं. एवढं मोठं काम शुभ वेळेला व्हावं, आपण परक्या देशात राहूनही रीत पाळतो हे वर कुठेतरी दिसावं, अशी माझी इच्छा होती. मी स्वतः फोन करून वेळ बदलून मागितली. पलीकडच्या बाई म्हणाल्या की आता एकदम डिसेंबरातली मिळेल. मी आनंदाने हो म्हटलं. इतकी वर्षं थांबलो, आणखी अडीच महिन्यांनी काय बिघडणार होतं?

त्याच पंधरवड्यात अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबरात आमच्या कारखान्याच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. नोव्हेंबरच्या मध्यावर मला आणि आमच्या विभागातल्या आणखी सहा जणांना एकेक करून वरच्या मजल्यावर बोलावलं आणि पत्रं हातात दिली. नोकरी जानेवारीअखेर संपणार होती, आणि उद्यापासून कामावर आलात नाहीत तरी चालेल असं फार सौजन्याने सांगितलं. मी खाली आलो, टेबलाच्या खणातला चहाचा मग आणि जाकीट घेतलं आणि दुपारी एक वाजता घरी पोचलो. सुचेताने दार उघडलं आणि माझ्या हातातला मग पाहिला. तिने चहा टाकला.

त्यानंतरचे तीन आठवडे मला फारसे वेगवेगळे आठवत नाहीत. सकाळी आठलाही धड उजाडायचं नाही, दुपारी चारला पुन्हा अंधारून यायचं, आणि मधल्या वेळात खिडकीबाहेर नुसतं धुकं. मी रोज अर्ज पाठवत होतो. मोटारीशी संबंध असलेल्या प्रत्येक कंपनीने भरती थांबवली होती. उत्तरं सभ्य असायची आणि सगळ्यांचा अर्थ एकच असायचा. ईराला बापाचं असं घरी बसणं समजेना. एका दुपारी तिने माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, "पापा, बिस्ट डू क्रांक?" तू आजारी आहेस का, म्हणून. मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. तिने तिचं पांघरूण आणून माझ्या पायांवर घातलं. ती बालवाडीत जर्मन बोलायची, घरी आम्ही मराठीत विचारलं तरी जर्मनमध्येच उत्तर द्यायची, आणि फेब्रुवारीत तिला घेऊन आम्ही कुठे जाणार होतो हे आम्हाला माहीत नव्हतं. पुण्यातही तेव्हा कंपन्या माणसं कमीच करत होत्या.

याच काळात मी आईला बोललो. रविवारी तिचा फोन आला, तिने काळजीने दोन-तीनदा तेच तेच विचारलं, आणि माझा तोल गेला. तुझ्या त्या पितृपक्षापायी आम्ही रस्त्यावर आलो, असं मी तिला म्हणालो. ती बारीक आवाजात, "चुकलंच माझं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. वेळ मी बदलली होती, फोन मी केला होता, आणि माफी तिने मागितली. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून देवापुढे उभं राहणंही बंद केलं. ज्याच्यासाठी रीत पाळली त्यानेच तोंडघशी पाडलं, असा माझा राग होता. लहान मूल रुसतं तसा मी रुसलो होतो.

सुचेताने मात्र मार्गशीर्षातले गुरुवार सोडले नाहीत. नारळ एशियन दुकानातून आला. पाच झाडांची पानं हवीत तर बाहेर सगळी झाडं उघडी; तिने मिळेल ती सदाहरित पानं गोळा करून कलश मांडला, त्यावर महालक्ष्मीचा मुखवटा बसवला. दिवसभर उपास करून संध्याकाळी ती कहाणी वाचायची. मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून रहायचो. तिच्याबद्दल इथे एक सांगायला हवं. ती जीवशास्त्राची. इथे आल्यावर, ईरा लहान असताना, तिने विद्यापीठातून मास्टर्स पुरं केलं होतं, आणि त्या उन्हाळ्यात तिच्या प्रोफेसरांनी तिला संशोधनासाठी पीएचडीची जागा देऊ केली होती. पगारी जागा होती, काम जानेवारीपासून. मी तिला थांब म्हणालो होतो. आधी माझा कायमचा परवाना होऊ दे, मग तू निवांत काय ते कर, असे माझे शब्द होते. तिने वाद घातला नाही. नोकरी गेल्यावर तर ती गोष्ट माझ्या डोक्यातून पार निघून गेली. सगळ्या घराचं छप्पर मी, आणि छप्पर उडालंय, एवढंच मला दिसत होतं.

बदलून घेतलेली ती वेळ डिसेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळची होती. अर्जाला आता काही अर्थ उरला नव्हता, तरी गेलो. न गेलो तर ते वाईट दिसेल, एवढंच कारण. सुचेता बरोबर येते म्हणाली, पण ईराला सर्दी होती, म्हणून मी एकटाच निघालो. कार्यालयाचा बोळ लांबलचक होता, दोन्ही बाजूंना दारं, मध्ये लाकडी बाक. तिथे बसलेल्या माणसांचे चेहरे मी पाच वर्षांत कधी नीट पाहिले नव्हते. मी इंजिनिअर, माझी कंपनी, माझे कागद नीट लावलेले. मी इतरांसारखा नाही असं वाटायचं. त्या दिवशी मी त्यांच्यातलाच एक होतो, किंबहुना त्यांच्याही मागे होतो.

माझ्या शेजारी एक म्हातारे तुर्की गृहस्थ बसले होते. लोकरीची टोपी, पांढऱ्या मिशा, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्यांचा नवा पासपोर्ट आला होता आणि जुन्यातला परवाना त्यात उतरवून घ्यायचा होता. त्यांनी माझी चौकशी सुरू केली. मला बोलायची इच्छा नव्हती, पण त्या वयाच्या माणसाला झिडकारणं आपल्याला जमत नाही. त्यांचं जर्मन चाळीस वर्षांनंतरही मोडकंच होतं, माझं शाळेत शिकल्यासारखं. त्यामुळे आमचं बरं जमलं. मी त्यांना नोकरी गेल्याचं सांगितलं. जानेवारीअखेर परवाना संपतो हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आणि बायको? बायको काय करते?"

मी म्हटलं, घरी असते.

हे शब्द तोंडातून गेले आणि मला कसंसंच झालं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. बाळाला मांडीवर घेऊन परीक्षांचा अभ्यास करणारी बाई घरी असते? मी सावरून म्हणालो की तिचं शिक्षण झालंय, विद्यापीठात तिला जागा देत होते, पण माझ्यामुळे राहिलं. म्हातारेबाबांना यात काही अवघड वाटलं नाही. त्यांनी पिशवीतून आणखी एक, फार जुना, कडा झिजलेला पासपोर्ट काढला आणि त्यातलं एक पान मला दाखवलं. ते म्हणाले की इथे आधी त्यांची बायको आली. रेडिओच्या कारखान्यात बारीक कामाला बायका हव्या होत्या, तिची निवड झाली, ती एकटी आगगाडीत बसून आली. दोन वर्षांनी ते तिच्या मागून आले. तिच्या कागदावर. त्या पानावर तसा शिक्का होता.

"गावातले हसले," ते म्हणाले. "बायकोच्या कागदावर चालला, म्हणून हसले. मग हसून दमले." मग म्हणाले, "ती गेल्या वर्षी वारली. हा पासपोर्ट कधीच संपलाय. मी घेऊन फिरतो."

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. ते उठले, माझ्या खांद्यावर हात टेकवला, त्यात आधार घेणंही असेल, आणि समोरच्या दारातून आत गेले. मी माझ्या कामात अडकलो तोवर ते कधी बाहेर पडले कळलं नाही. पुढे त्या गावात आम्ही कितीतरी वर्षं राहिलो, पण ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत. ते कोण होते, याचा मी खल करत नाही. परवाना उतरवून घ्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ होते. पण तीन आठवडे मी ज्या दाराला धडका देत होतो, त्याच्या शेजारचं दार त्यांनी मला दाखवलं, आणि त्यासाठी त्यांना माझ्याबद्दल फार काही माहीत असावं लागलं नाही.

मी बोळातूनच सुचेताला फोन लावला. म्हटलं, तुझ्या प्रोफेसरांना आज विचारशील का, ती जागा अजून आहे का. तिच्या मागे ईराचा खोकला ऐकू येत होता.

"मी सोमवारीच विचारलंय," ती म्हणाली. "आहे जागा. ते करार द्यायला तयार आहेत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तू आधीच इतका मोडला होतास. त्यात मी म्हणायचं की आता माझ्यावर रहा? तू विचारशील म्हणून थांबले होते."

बाकावर बसून मी रडलो, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. त्या बोळात रडणारी माणसं नवीन नसावीत. तीन दिवस ती घरात सुटकेचा उपाय पदरात बांधून फिरत होती आणि माझा अहंकार दुखू नये म्हणून बोलत नव्हती. देवीपुढे ती काय मागत होती हे मला त्या क्षणी कळलं. मला विचारायची बुद्धी व्हावी, एवढंच ती मागत असणार. त्या एका गोष्टीपुरता मी देवाच्याही हाताबाहेर गेलेला माणूस होतो.

माझा नंबर लागल्यावर मी आत गेलो. टेबलापलीकडच्या बाईंनी माझे कागद चाळले आणि कायमचा परवाना आता देता येणार नाही असं सांगितलं. ते मला ठाऊकच होतं. मग मी सुचेताच्या जागेबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर, हे होऊ शकतं." करार आला की सुचेताने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, आणि तिचा नवरा म्हणून मला तिच्याबरोबर राहता येईल. मी विचारलं की अर्ज भरायला मी कधी येऊ. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अर्ज त्या भरतील. तुम्ही त्यांच्याबरोबर या."

घरी गेल्यावर मी आधी आईला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली की तिला वाईट वाटलं ते माझ्या बोलण्याचं नाही. तिच्या एका वाक्याने लेकाचं नुकसान झालं याचं वाटलं. मी तिला सांगितलं की तुझ्या वाक्यामागे मी लपलो होतो. तिला ते पुरतं समजलं नसावं. "सुचेताला दे फोन," म्हणाली. त्या दोघी बराच वेळ बोलल्या, आणि संध्याकाळी सुचेता कहाणी वाचायला बसली तेव्हा मी जाऊन तिच्या शेजारी बसलो. हात जोडले. सवयीने मागण्यांची यादी सुरू होणार होती, पण त्या दिवशी यादीच आठवेना.

पुढे सगळं झकास झालं असं वाचणाऱ्याला वाटू नये, म्हणून सांगतो. मला काम करण्यासाठी वेगळी परवानगी लागणार होती, ती मिळायला वर्ष लागलं. ते वर्ष मी घरी होतो. ईराला सोडणं-आणणं, स्वयंपाक, कपडे. इथल्या आमच्या काही मित्रांनी येणं कमी केलं, आणि पुण्याहून एका काकांनी फोनवर हसत हसत "काय घरजावई" म्हटलं ते मला बरेच दिवस टोचत राहिलं. मी चिडचिड केली, सुचेतावर उगाच आवाज चढवला, आणि ती प्रयोगशाळेतून दमून आलेली असायची. नंतर मिळालेली नोकरी आधीच्या मानाने लहानच होती. कायमचा परवाना फार उशिरा मिळाला. सप्टेंबरातल्या त्या वेळेला मी गेलो असतो तर यातलं बरंच टळलं असतं, हे मी नाकारत नाही. पण मग सुचेताला मी पुन्हा काहीतरी कारण काढून थांबवलं असतं, हेही मला पक्कं माहीत आहे. आधी घर घेऊ, आधी ईराची शाळा लागू दे. कारणं मला कधी कमी पडली नव्हती.

जानेवारीत, माझी नोकरी संपायला थोडे दिवस उरले असताना, आम्ही दोघं त्या कार्यालयात गेलो. बर्फ पडून त्याचा चिखल झाला होता. मागच्या वेळच्याच बाई होत्या. त्यांनी आधी सुचेताला समोर बसवलं, मला बाजूच्या खुर्चीवर. तिच्या सह्या झाल्या. मग त्यांनी माझा अर्ज माझ्यापुढे सरकवला. कोणाच्या आधाराने राहणार, त्या व्यक्तीचं पूर्ण नाव लिहा, असा एक रकाना होता, आणि त्याखाली जन्मनाव, म्हणजे लग्नाआधीचं नाव.

मी पेन टेकवलं आणि थांबलो. लग्नात तांदळाच्या ताटात मी तिचं नवं नाव अंगठीने लिहिलं होतं. सुचेता, पुढे माझं नाव, पुढे माझं आडनाव. सगळे हसत होते, फोटो काढत होते, आणि तिला हे चालेल का असं कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. दहा वर्षं प्रत्येक कागदावर ती माझ्या नावाच्या आधाराने उभी होती, आणि तिला त्यात कधी कमीपणा वाटल्याचं तिने दाखवलं नाही. मला तर एक रकाना भरायचा होता आणि हात अडत होता. तिचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या वडिलांच्या नावासकट, मी याआधी आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने लिहिलेलं नव्हतं.

शरण जायचं म्हणजे डोळे मिटून हात जोडायचे असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. ते सोपं असतं, कारण समोर कोणी नसतं. शेजारी बसलेल्या माणसाला, मला तुझा आधार हवाय, असं उघड्या डोळ्यांनी सांगणं मला जमत नव्हतं, आणि देवीने माझ्याकडून तेवढंच मागितलं. त्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

बाई वाट पाहत होत्या. सुचेता वाकून हळूच म्हणाली, "मी सांगू का स्पेलिंग?" मी म्हटलं, येतंय मला. मग मी तिचं नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली सही केली.